साडेतीन तासांचा सत्कार आणि गळालेले चौघे

पत्र: सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचे मंडळ सहा वर्षांपासून समाजमंदिरात संध्याकाळची अभ्यासिका चालवते आणि मागच्या मैदानावर मुलामुलींचा कबड्डी-खोखोचा सराव घेते. साधारण 70 मुले येतात. कार्यकर्ते 22. बहुतेक कॉलेजची मुले-मुली, काही गृहिणी, दोन निवृत्त शिक्षक. गेल्या जानेवारीत वर्धापनदिनाला सत्कार समारंभ केला, तो साडेतीन तास चालला. देणगीदार, नगरसेवक आणि पाहुण्यांना शाल-श्रीफळ दिले, ‘आदर्श कार्यकर्ता’ म्हणून एकाला ट्रॉफी दिली, बाकीच्यांची नावे आभारात एकत्र घेतली. महिन्याभरात चौघे यायचे बंद झाले. यंदा 15,000 रुपये हातात आहेत. सगळ्यांचा मान राहील असा कार्यक्रम कसा करावा?
– सचिव, एक युवक मंडळ

नमस्कार,

ट्रॉफी एकालाच मिळाली म्हणून चौघे रुसले, असा तुमचा अंदाज पत्रातून दिसतो. आम्हाला मात्र ‘बाकीच्यांची नावे आभारात एकत्र घेतली’ हे वाक्य जास्त खटकले. आभारप्रदर्शन सुरू होते तेव्हा निम्मी सभा चपला शोधत असते. वर्षभर आठवड्यातून दोन संध्याकाळी येणारा माणूस शालीसाठी येत नाही, पण आपण नेमके काय करतो हे मंडळ चालवणाऱ्यांनाही ठाऊक नाही, असे एकदा त्याच्या लक्षात आले की मग यायला पाय उचलत नाही. म्हणून यंदा एकच गोष्ट पक्की धरा: प्रत्येकाचे काम त्याच्या नावानिशी, दोन खऱ्या वाक्यांत, माइकवरून सांगितले जाईल. पाहुणे कोण, पैसे कशावर, वेळ किती, हे सगळे त्यावरून ठरवा.

ही दोन वाक्ये आयत्या वेळी सुचत नाहीत, म्हणून तीन आठवडे आधी कामाला लागा. हजेरीपट, व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे वर्षभराचे निरोप, खडू-झेरॉक्सची बिले समोर घ्या आणि प्रत्येक कार्यकर्त्याच्या नावाने वहीचे एकेक पान करा. कोणते वार, कोणता वर्ग किंवा खेळ, कोणत्या महिन्यापासून, इतके त्यातून निघते. उरलेले माणसांना विचारावे लागते, आणि ते ज्याचे त्याला विचारू नका. स्वतःबद्दल विचारले की आपल्याकडे सगळे ‘काही विशेष नाही’ म्हणतात. त्याऐवजी प्रत्येकाला दोन सहकाऱ्यांबद्दल विचारा: यांचे कोणते काम तुम्हाला दिसते आणि इतरांच्या लक्षात येत नाही? मुलांना कोरी चिठ्ठी द्या आणि ‘यंदा तुला कोणामुळे काय जमायला लागले?’ एवढाच प्रश्न घाला. चिठ्ठीवर नाव सक्तीचे नको. सातवीतली मुले या चिठ्ठ्यांवर जे लिहितात ते कोणत्याही मानपत्रापेक्षा नेमके असते.

हे करताना यादी वाढेल, वाढू द्या. समाजमंदिराची किल्ली सांभाळणारे काका, पाचच्या आत झाडून घेणाऱ्या मावशी, लांबच्या वस्तीवरच्या मुलींना सोडून येणारा रिक्षावाला, फुकटात वायरिंग दुरुस्त करून देणारा मुलगा ही माणसे कोणत्याच हजेरीत नसतात. तुमचे 22 आहेत ते 27 होतील असे धरून चला.

‘आदर्श कार्यकर्ता’ बंद करा. निवड कितीही प्रामाणिक असली तरी तुलनाच चुकीची आहे. ज्याच्याकडे रिकामा वेळ जास्त तो कॉलेजचा मुलगा जिंकतो, आणि घरचा स्वयंपाक उरकून बुधवारी तासभर येणारी बाई कायम हरते. काही वेगळे मोजायचेच असेल तर पूर्ण झालेली वर्षे मोजा: एक, तीन, पाच. ती नोंद आहे, कोणाचे मत नाही, त्यामुळे तिच्यावर वाद होत नाही.

आता प्रमाणपत्राचा मजकूर. बहुतेक मंडळे छापखान्यातला तयार मजकूर घेतात: ‘आपण केलेल्या निःस्वार्थ व बहुमोल सेवेबद्दल हे सन्मानपत्र देऊन आपणांस गौरविण्यात येत आहे.’ यात नाव बदलले तरी काही बिघडत नाही, आणि तोच त्याचा दोष. त्याऐवजी असे लिहा:

‘जून ते डिसेंबर, दर सोमवारी आणि गुरुवारी, सातवीचे गणित. अपूर्णांकांत अडलेल्या मुलांसाठी कागदाच्या पट्ट्या कापून वेगळा गट चालवला. परीक्षेच्या आठवड्यात एकही खाडा नाही.’

किंवा मैदानाच्या बाबतीत: ‘कबड्डीच्या रेषा रोज सरावाआधी आखल्या, पावसाळ्यात मैदानावरचे खडे वेचून घेतले, मुलींचा संघ पहिल्यांदा तालुका स्पर्धेला नेला.’ विशेषण एकही नाही. ‘तळमळीने’, ‘अविरत’, ‘मोलाचे’ हे शब्द दिसले की खोडा आणि तिथे वार, इयत्ता किंवा वस्तू येते का ते पाहा. येत नसेल तर त्या माणसाबद्दल तुमची माहिती कमी पडते आहे. पुन्हा विचारून या.

कॉलेजच्या मुलांना हा कागद पुढे प्रवेशाला, नोकरीच्या मुलाखतीला लागतो. तेव्हा तो ए-4 आकारातच ठेवा, मोठा केला तर फाइलमध्ये मावत नाही. साधारण 250 ते 300 जीएसएमचा, म्हणजे जाडसर, कागद पुरे. चकचकीत लॅमिनेशन नको, त्यावर शिक्का नीट उमटत नाही आणि सही पुसली जाते. मंडळाचा नोंदणी क्रमांक, जावक क्रमांक, तारीख, कामाचा कालावधी आणि अंदाजे तास, अध्यक्ष व सचिव अशा दोघांच्या सह्या. तास फुगवू नका. आठवड्याचे तीन तास आणि 30 आठवडे म्हणजे 90, तेवढेच लिहा. ज्यांना हवे त्यांना लेटरहेडवर इंग्रजी पत्रही द्या. राष्ट्रीय सेवा योजनेतली मुले असतील तर एक लक्षात ठेवा: तिथे वर्षाला 120 आणि दोन वर्षांत 240 तासांचा हिशेब असतो आणि तो कॉलेजचा कार्यक्रम अधिकारी प्रमाणित करतो, तुम्ही नाही. तुमच्याकडचे तास धरले जाणार का हे मुलाने कॉलेजात आधी विचारावे, आणि तुम्ही त्या अधिकाऱ्याच्या नावे तारीखवार तासांचे पत्र द्यावे.

नावांवर सगळ्यात जास्त घोळ होतो, आणि त्याची भरपाई नंतर होत नाही. नाव कसे छापायचे हे प्रत्येकाकडून स्वतःच्या हाताने लिहून घ्या. लग्न झालेल्या बाईला माहेरचे आडनाव हवे असेल, कोणाला वडिलांऐवजी आईचे नाव हवे असेल, कोणाला आडनावच नको असेल. चि., कु., सौ., श्रीमती हे सगळे सरसकट काढून टाका. त्यातून कोणाचे लग्न झाले, कोणाचा नवरा गेला याची जाहिरात होते, दुसरे काही नाही. छपाईतली खोच अशी की तुम्ही मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप करून पाठवता आणि बऱ्याच डीटीपीवाल्यांकडे अजून जुने फॉन्ट असतात. मजकूर तिकडे चिकटवला की जोडाक्षरे फुटतात, पहिली वेलांटी उडते, ‘ऱ्ह’ आणि ‘र्‍या’चे काहीही होते. म्हणून पीडीएफ करून द्या, छापण्याआधी प्रूफ मागवा आणि ज्याचे त्याला त्याचे पान दाखवून ‘बरोबर’ असा निरोप घ्या. हे काम कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी संपलेच पाहिजे, दुरुस्तीला दोनदा छापावे लागते.

पैशांकडे वळण्याआधी एक अप्रिय प्रश्न. तुमच्या कार्यकर्त्यांनी वर्षभरात खडू, झेरॉक्स, पेट्रोल, मुलांची स्पर्धेची फी खिशातून भरली आहे का? भरलेली असते. कोणी मागत नाही, कारण मागणे बरे दिसत नाही. कार्यक्रमाच्या आधी प्रत्येकाला विचारून, व्हाउचरवर सही घेऊन ती रक्कम चुकती करा, आणि ती वर्षाच्या चालू खर्चातून, या 15,000 मधून नाही. चारशे रुपये येणे असलेल्या मुलाला मंडळ अडीचशेची शाल पांघरते तेव्हा तो हसून फोटो काढून घेतो, पण हिशेब त्याच्या डोक्यात असतो. मंचावर पाकीट मात्र कोणालाच देऊ नका. कोणाला किती, ही चर्चा दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर होते.

आता 15,000. माणशी शाल, नारळ आणि स्मृतिचिन्ह मिळून 600 रुपये धरले तरी 27 जणांचे 16,200 होतात, म्हणजे चहाला पैसे नाहीत. शिवाय त्या शाली कपाटात जातात आणि पुढच्या कोणाच्या तरी सत्काराला फिरून येतात, हे सर्वांना माहीत आहे. आमची वाटणी अशी: प्रमाणपत्र आणि फोल्डर माणशी 60 प्रमाणे सुमारे 1,600, सगळ्यांच्या एकत्र फोटोची प्रत माणशी 40 प्रमाणे सुमारे 1,100, प्रत्येकाला एकसारखी, रोजच्या वापरातली 200 रुपयांची वस्तू, मिळून 5,400, दीडशे जणांचा चहा-नाश्ता 25 रुपयांप्रमाणे 3,750, ध्वनिक्षेपक 1,500, फलक 600. हजारभर रुपये हातात राहतात, ते लागतातच. दर तुमच्या गावचे घाला. वस्तू म्हणून जाड कापडी पिशवी किंवा स्टीलची पाण्याची बाटली चालेल, भिंतीवरचे घड्याळ आणि फोटोफ्रेम नको. मंडळाचे बोधचिन्ह त्यावर छापायचेच असेल तर बोटाएवढे. बाटलीभर मंडळाचे नाव असले की तिची भेट राहत नाही, जाहिरात होते.

तारीख निवडताना 12 जानेवारीचा मोह होतो. 1985 पासून तो राष्ट्रीय युवा दिन आहे आणि त्याच दिवशी जिजाऊ जयंती. पण म्हणूनच त्या दिवशी शाळा-कॉलेजांत सकाळपासून कार्यक्रम असतात, तुमचे कार्यकर्ते तिकडेच राबत असतात आणि पाहुणा तीन ठिकाणी बांधलेला असतो. त्याच्या पुढचा किंवा मागचा रविवार घ्या. 5 डिसेंबरचा जागतिक स्वयंसेवक दिन कागदावर अगदी शोभतो, मात्र दुसऱ्या दिवशी महापरिनिर्वाण दिन असतो आणि गावातली बरीच माणसे त्या आधीच चैत्यभूमीला निघालेली असतात. फेब्रुवारीत बारावी-दहावीच्या परीक्षा, तेव्हा मुले आणि शिकवणारे दोघेही मोकळे नसतात. निवडणूक लागणार असेल तर आचारसंहिता कधी सुरू होते यावर लक्ष ठेवा, नगरपंचायतीची जागा आणि नगरसेवक दोन्ही त्या काळात अडचणीचे ठरतात. ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्याची लेखी परवानगी आठवडाभर आधी मागा, फलक रस्त्यावर लावणार असाल तर नगरपंचायतीचीही.

वेळ रविवारी संध्याकाळी पाच ते सव्वासहा. जानेवारीत सव्वासहाच्या सुमारास दिवस मावळतो, वस्तीवरच्या मुली उजेडात निघाल्या पाहिजेत. नाश्ता हवे तर साडेचारला, आधीच द्या. सव्वा तासात बसते का? बसते. स्वागत पाच मिनिटे, वर्षाचे काम आणि खर्च वाचून दाखवायला पाच, मुलांनी आपल्या चिठ्ठ्यांतल्या सात-आठ वाचायला दहा, 27 जणांचा सत्कार 35, पाहुणे दहा, आभार तीन. अडुसष्ट मिनिटे झाली. सत्काराला माणशी सव्वा मिनिट धरले आहे: दोन-तीन वाक्ये वाचायला 20 सेकंद, उठून यायला, घ्यायला, फोटोला बाकीचा वेळ. हे गणित मोडते ते सूत्रसंचालकाच्या चारोळ्यांनी. प्रत्येक नावाआधी एक चारोळी म्हटली तर 27 चारोळ्या होतात आणि पाहुण्याच्या आधी सभा संपते. लिहून दिलेले तेवढेच वाचायचे, हे त्याच्याशी आधी बोलून घ्या.

मंचामागची एक बारीक गोष्ट, जी जवळपास प्रत्येक कार्यक्रमात चुकते. वाचायची यादी एका क्रमाने असते आणि प्रमाणपत्रांचा गठ्ठा दुसऱ्या. मग एकाचे नाव पुकारून त्याच्या हातात दुसऱ्याचा कागद पडतो, किंवा सगळे हसत उभे आणि टेबलावर शोधाशोध. प्रमाणपत्राच्या मागे पेन्सिलीने यादीतला क्रमांक घाला, फोल्डरवर तोच क्रमांक चिकटवा आणि टेबलामागे एकच माणूस उभा करा, ज्याला दुसरे कोणतेही काम नाही. गैरहजर असलेल्याचा कागद लगेच वेगळ्या गठ्ठ्यात. सत्कारमूर्तींना सहा-सातच्या गटाने मंचाच्या पायरीशी आधीच आणून ठेवा. काम वाचून झाल्यावर नाव घ्या, त्यामुळे माणूस पायऱ्या चढतो तेव्हा तो का येतोय हे सभेला कळलेले असते.

देणारे हात कोणाचे? पाहुण्यानेच सगळे द्यावेत असा नियम नाही. सातवीच्या गणितवाल्याला सातवीतल्या एखाद्या मुलाच्या आईने द्यावे, कबड्डीच्या मुलीला तिच्या हाताखाली खेळून आता कॉलेजात गेलेल्या मुलीने. विश्वस्तांनी त्या दिवशी मंचावर बसायचे नाही. खुर्च्या मांडणे, चहा वाटणे, चपलांची जागा पाहणे ही कामे त्यांची. ज्यांचा सत्कार आहे त्यांनीच सतरंज्या घालायच्या, हे चित्र आपल्या मंडळांत फार नेहमीचे आहे आणि ते कोणाला खटकतही नाही.

नगरसेवक आणि देणगीदार दुखावतील ही भीती रास्त आहे. त्यांना टाळू नका, वेगळे करा. देणगीदारांकडे कार्यक्रमाआधी दोघांनी घरी जाऊन पावती, आभाराचे पत्र आणि त्यांच्या पैशांतून काय झाले याचे अर्धे पान द्यावे. मंचावरच्या शालीपेक्षा हे बहुतेकांना आवडते. फलकावर फोटो कोणाचाच नको, एकाचा लावला की दुसऱ्याचा लावावा लागतो. लोकप्रतिनिधींना पहिल्या रांगेत बसवा, स्वागतात नाव घ्या, आणि आमंत्रण देतानाच सांगा की पाचला सुरू होईल, थांबणार नाही. आणि खरेच थांबू नका. मंचावर पाहुणा एकच असावा. त्याला सात मिनिटे दिल्याचे फोनवर सांगा, म्हणजे तो दहा घेईल, आणि कार्यकर्त्यांच्या कामाची दोन पाने चार दिवस आधी पाठवा. नाहीतर तो ‘आजची पिढी आणि मोबाइल’ यावर बोलतो.

तुमच्याकडे गृहिणी आहेत म्हणून ही एक बाब. सत्काराच्या वेळी बायकांना हळदकुंकू लावून ओटी भरायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, आणि त्यात विधवा कार्यकर्ती आली की ताट क्षणभर अडते. ते सगळ्यांना दिसते, तिला सर्वांत आधी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्यानंतर सरकारनेही इतर गावांना तेच करायला सुचवले. तुम्हाला ठराव करायची गरज नाही. स्त्री-पुरुष सगळ्यांना एकसारखे गुलाबाचे फूल द्या, ताटच आणू नका.

मुलांच्या बाबतीत मात्र हयगय नको. ‘याचे वडील दारू पितात, तरी आमच्या अभ्यासिकेमुळे हा पास झाला’ असे माइकवरून सांगणे हा त्या मुलाचा सगळ्या गावासमोर केलेला अपमान आहे. चिठ्ठ्या निवडताना घरची परिस्थिती उघड करणारी एकही घेऊ नका. फोटो समाजमाध्यमांवर टाकणार असाल तर पालकांची लेखी संमती घ्या. तुमच्याकडे बालगृहातली मुले येत असतील तर त्यांची ओळख प्रसिद्ध करायला बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 74 ने मनाई आहे, फोटो तर दूरच.

आणि यादी पक्की करण्यापूर्वी विश्वस्तांनी एकदा बंद दाराआड बसावे. कोणाबद्दल मुलींनी, पालकांनी काही सांगितले आहे का? कोणी एकट्या मुलाला घरी बोलावतो, रात्री मेसेज करतो, अशी कुजबुज आहे का? सत्कार झालेल्या माणसावर पालक डोळे झाकून विश्वास टाकतात, आणि नंतर मुलाने तक्रार केली तरी तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. शंका असेल तर नाव थांबवा आणि त्याला मुलांसोबत एकटे सोडणे त्याच दिवशी बंद करा. लैंगिक त्रासाची माहिती मिळाली असेल तर प्रकरण मंडळात मिटवायचा अधिकार तुम्हाला नाही. पोक्सो कायदा 2012 च्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हा कलम 21 खाली गुन्हा. काय करावे सुचत नसेल तर मुलांसाठीच्या 1098 या मदतवाहिनीवर फोन करा.

गळालेल्या चौघांकडे कार्यक्रमाच्या पंधरा दिवस आधी जा, तुम्ही आणि त्यांच्यासोबत काम केलेले एक जण. त्यांनी जितके महिने काम केले तितक्याचे प्रमाणपत्र तयार आहे हे सांगा, मजकूर दाखवा, नाव तपासून घ्या. गेल्या वर्षी चुकले, हे एका वाक्यात म्हणा. परत या, असे त्या भेटीत म्हणू नका, नाहीतर प्रमाणपत्र हे आमिष ठरते. आले नाहीत तर त्यांचे काम तरीही वाचा आणि कागद घरी पोहोचवा.

कार्यक्रम झाला की आठ दिवसांत फोटोच्या प्रती वाटा, आणि त्या पानांच्या वहीत दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी पाव तास बसून नोंदी घाला, म्हणजे पुढच्या वर्षी तीन आठवड्यांची धावपळ नको. तिचा आणखी एक उपयोग आहे. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय जिल्हा युवा पुरस्कारासाठी एक युवक, एक युवती आणि एक संस्था यांचे प्रस्ताव मागवते. त्यात मागच्या वर्षांच्या कामाचे पुरावे जोडावे लागतात: तारखा, फोटो, कात्रणे, प्रमाणपत्रे. जाहिरात आल्यावर मुदत थोडी असते आणि बहुतेक मंडळे तिथेच अडतात. तुमच्या कबड्डीच्या मुलीचे नाव पाठवायचे असेल तर तिची फाइल आतापासून वेगळी करा, आणि प्रत्येक फोटोमागे तारीख व ठिकाण लिहून ठेवा.